हवा हशाही वाहून नेते: महामारीतील उघड्यावरच्या विनोदी कार्यक्रमांची गोष्ट

कोविडच्या साथीत ११ जुलै २०२० पासून इंग्लंडमध्ये उघड्या जागेत प्रेक्षकांसमोर कार्यक्रम करण्यास परवानगी मिळाली, मात्र बंदिस्त नाट्यगृहे आणि कॉमेडी क्लब त्या दिवशीही बंदच राहिले. इतर अनेक देशांतही याच धर्तीचे नियम आले आणि सामान्य माणसाला ते कोड्यासारखे वाटले. विनोदवीर तोच, प्रेक्षक तेच, विनोदही तेच. मग केवळ डोक्यावरचे छत काढल्याने असा काय फरक पडतो? ज्यांनी परवानगी मिळताच हिरवळीवर, गच्चीवर किंवा वाहनतळावर कार्यक्रम उभे केले, त्यांना तर आणखी एक कोडे पडले. क्लबमध्ये ज्या वाक्यावर हमखास हशा पिकत असे, त्याच वाक्यावर मैदानात इकडेतिकडे थोडी खुसखुस ऐकू येई आणि तीही लगेच विरून जाई. विनोद फसला, असे कलाकाराला वाटे. प्रत्यक्षात लोक हसलेले असत.

या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे आणि ते म्हणजे हवा. उघड्या जागेतील हवा श्वासांतून बाहेर पडलेला विषाणू वाहून नेते, म्हणून ती सुरक्षित. पण तीच मोकळी जागा हशाही वाहून नेते, म्हणून ती विनोदाला मारक. महामारीच्या काळात उघड्यावर विनोदी कार्यक्रम उभा करणे म्हणजे पहिली गोष्ट जाऊ देऊन दुसरी अडवून धरण्याचा खटाटोप होता. खुर्च्यांपासून ध्वनिक्षेपकापर्यंतचे बहुतेक निर्णय या एका पेचातून आलेले दिसतात.

येथे ‘महामारी’ म्हणजे श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साथ, हे आधीच सांगितलेले बरे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील नाट्यगृहांचा मधला भाग आकाशाला उघडा असे, तरीही प्लेगच्या साथीत ती बंद करावी लागत. पिसवांवाटे पसरणाऱ्या रोगाला वरच्या आकाशाशी काही देणेघेणे नसते. उलट १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये न्यायालयाचे कामकाजसुद्धा उघड्या चौकात चालवले गेले. तेव्हा बाहेर जाण्याची युक्ती जुनीच आहे, फक्त रोग कोणता हे आधी पाहावे लागते.

श्वासातून नेमके काय बाहेर पडते?

आपण बोलतो, खोकतो, हसतो तेव्हा तोंडातून लाळेचे आणि श्वसनमार्गातील द्रवाचे थेंब बाहेर पडतात. त्यांच्या आकारात प्रचंड तफावत असते. आकार मोजण्याचे माप म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब तोंडातून निघाल्यावर काही सेकंदांतच जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर खाली यायला अर्धा तास लागतो आणि एक मायक्रॉनचा कण कित्येक तास तरंगत राहतो. हवेत तरंगणाऱ्या या बारीक कणांना ‘एरोसोल’ म्हणतात. पुढे त्यांना आपण सूक्ष्म कणच म्हणू.

साथीच्या सुरुवातीला सगळा भर मोठ्या थेंबांवर होता. एक-दोन मीटरचे अंतर, हात धुणे, टेबले पुसणे हे सारे त्यातून आले. मोठे थेंब हे फेकलेल्या खड्यांसारखे असतात, लांब उभे राहिले की लागत नाहीत. सूक्ष्म कणांची तऱ्हा सिगारेटच्या धुरासारखी असते. बंद खोलीत एकाने सिगारेट ओढली, तर दहा मिनिटांनी समोरच्या कोपऱ्यात बसलेल्यालाही वास येतो. मैदानात तीच सिगारेट शेजारच्याला जाणवते आणि दहा पावलांवरच्याला बहुधा पत्ताही लागत नाही. ‘येथे विषाणूऐवजी धूर असता तर मला वास आला असता का’ हा एक प्रश्न मनाशी ठेवला, तर नियमावलीची पाने न चाळताही बहुतेक प्रसंगी योग्य निर्णय घेता येतो.

हसणे हे बोलण्यापेक्षा वेगळे का?

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट परगण्यात एका समूहगायन मंडळाची अडीच तासांची तालीम झाली. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले. त्यांतील ३३ जणांचा संसर्ग चाचणीने सिद्ध झाला आणि २० जणांचा लक्षणांवरून संभाव्य मानला गेला. दोघे दगावले. या घटनेने जगभरच्या आरोग्ययंत्रणांचे लक्ष आवाजाकडे वेधले. आवाज आणि कण यांचे नाते त्याआधीच, म्हणजे २०१९ मध्ये, प्रयोगाने दाखवले गेले होते. माणूस हळू बोलत असताना सेकंदाला सुमारे एक सूक्ष्म कण बाहेर पडतो, तर मोठ्याने बोलताना ही संख्या पन्नासपर्यंत जाते. शब्द कोणते आणि भाषा कोणती, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाज किती मोठा आहे याने.

आता हसण्याकडे पाहू. हास्याचा शास्त्रीय अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मोजले होते की, हसताना उमटणारा प्रत्येक ‘हा’ साधारण ७५ मिलिसेकंदांचा असतो आणि असे ‘हा’ दर २१० मिलिसेकंदांनी येत राहतात. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ पाच वेळा छाती जोराने आकसते आणि हवा बाहेर ढकलली जाते. हसून झाल्यावर प्रत्येक जण जी खोल दीर्घ धाप आत ओढतो, ती त्याच क्षणी शेजाऱ्यांनी सोडलेल्या हवेतून. ऐंशी माणसे बंद खोलीत एकदम खदखदून हसतात आणि लगेच एकदम श्वास घेतात, ही विनोदवीराच्या दृष्टीने सुखाची घटना आणि साथरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने धडकी भरवणारी. गंभीर नाटकाचा प्रेक्षक निदान तोंड मिटून बसतो!

खोली आणि मैदान: एक ढोबळ गणित

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा लहानसा क्लब कल्पनेत आणा. त्यात ३०० घनमीटर हवा मावते. वायुवीजन बेताचे आहे आणि तासाभरात खोलीतील हवा दोनदा बदलते असे धरले, तर ताशी ६०० घनमीटर ताजी हवा आत येते. शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे आठ लिटर, म्हणजे तासाला जवळपास अर्धा घनमीटर हवा उच्छ्वासातून सोडतो. ऐंशी माणसे मिळून ती सुमारे चाळीस घनमीटर होते. चाळीसला सहाशेने भागले तर कळते की, कार्यक्रम रंगात येईपर्यंत त्या खोलीतील प्रत्येकाच्या शंभर श्वासांपैकी सहा-सात श्वासांइतकी हवा आधी दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते. अन्नाच्या बाबतीत इतके उष्टे आपण खपवून घेतले नसते.

आता तीच ऐंशी माणसे वीस मीटर गुणिले वीस मीटरच्या मोकळ्या जागेत बसवा. झाडाची पाने जेमतेम हलतील एवढा, सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा आहे. प्रेक्षकांच्या डोक्यावरून, तीन मीटर उंचीपर्यंत, दर सेकंदाला ६० घनमीटर हवा आरपार जाते. तासाला २ लाख १६ हजार घनमीटर. खोलीच्या तुलनेत ३६० पट. उष्ट्या हवेचे प्रमाण दहा हजार श्वासांत दोनवर येते. ही सरासरी आहे, वाऱ्याच्या दिशेने शेवटी बसलेल्यांच्या वाट्याला थोडे अधिक येईल. पण फरकाची जात लक्षात येण्यास एवढे पुरे. चीनमध्ये २०२० च्या सुरुवातीच्या काळातील ३१८ समूहसंसर्गांचा अभ्यास झाला, तेव्हा तीन किंवा अधिक जणांना बाधा झालेले हे सगळे बंदिस्त जागेतच घडलेले आढळले; उघड्या जागेतला एकच प्रसंग सापडला आणि त्यात दोघेच बाधित होते.

शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरण विषाणूला निकामी करतात. मात्र विनोदाचे कार्यक्रम बहुधा संध्याकाळी होतात, तेव्हा या फायद्यावर फार विसंबू नये.

‘उघड्यावर धोका नाही, तर अंतर कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर वरच्या गणितातील ‘सरासरी’ या शब्दात आहे. सिगारेट ओढणारा मैदानात असला, तरी तो तुमच्या तोंडासमोर वाऱ्याच्या बाजूला बसला तर धूर सरळ तुमच्या नाकात येतो. हवेत मिसळून विरळ व्हायला धुराला थोडी वाट चालावी लागते. तेवढी वाट ठेवणे म्हणजे अंतर. मोकळ्या हवेत सरासरी धोका कमी करण्याचे काम वारा करतो, पण अगदी जवळचा धोका कमी करण्याचे काम खुर्ची मांडणाऱ्याचेच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे उघड्यावरचा कार्यक्रम क्वचितच पूर्णपणे उघड्यावर असतो. २६ सप्टेंबर २०२० रोजी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये एक समारंभ झाला. खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या, बहुतेकांच्या तोंडावर मास्क नव्हता आणि बागेतील समारंभाला जोडून इमारतीच्या आतही स्वागतसोहळे झाले. त्यानंतरच्या दिवसांत तेथे हजर असलेल्या डझनाहून अधिक व्यक्तींना संसर्ग झाल्याचे आढळले. बाग उघडी होती, पण माणसांचा सगळा वेळ बागेत गेला नव्हता.

म्हणून मैदानाचा आराखडा पाहताना जाणकार माणूस रंगमंचाकडे उशिरा पाहतो. आधी तो स्वच्छतागृह कुठे आहे, प्रवेशाची रांग कुठे तुंबते, कलाकार आपला क्रमांक येईपर्यंत कुठे थांबतात आणि सामानाच्या गाडीत कितीजण दाटीवाटीने बसून येतात, हे विचारतो. सहा विनोदवीर एका लहानशा बंद खोलीत तासभर गप्पा मारत बसणार असतील, तर बाहेर दोन-दोन मीटरवर आखलेल्या पांढऱ्या चौकोनांनी कलाकारांचे काहीच रक्षण होत नाही. आणि कलाकार हा या व्यवसायात एकटा असतो, त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही. अमेरिकन विनोदवीर डेव्ह शॅपेल यांनी २०२० च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज गावाजवळ मोकळ्या शेतजमिनीवर, खुर्च्यांमध्ये अंतर ठेवून कार्यक्रम केले आणि ते गाजले. जानेवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे कार्यक्रमांची मालिका चालू असताना त्यांची स्वतःची चाचणी सकारात्मक आली आणि उरलेले प्रयोग रद्द करावे लागले.

हशा कुठे जातो?

आता दुसऱ्या कोड्याकडे वळू. माझ्या मते हाच भाग अधिक रंजक आहे आणि आयोजकांनी त्याचा सर्वांत कमी विचार केला.

माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या तीसपट अधिक तो चारचौघांत हसतो, असे प्रोव्हाइन यांना आढळले होते. हसू संसर्गजन्य असते असे आपण सहज म्हणतो. ते शब्दशः खरे आहे आणि त्याचा प्रसार कानावाटे होतो. शेजाऱ्याचे हसणे ऐकू आले की आपले हसू सुटते, ते ऐकून तिसऱ्याचे. क्लबची रचना नकळत याच प्रसारासाठी झालेली आहे. छत बुटके, खुर्च्या खेटून, भिंती जवळ, प्रेक्षकांत अंधार. प्रत्येक हसू भिंतीवर आणि छतावर आपटून परत येते, दुसऱ्या हसण्यात मिसळते आणि खोलीभर एकच लाट उठते. अंधारामुळे आपल्याला कोणी पाहत नाही असे वाटते आणि ज्या विनोदावर उजेडात हसायला संकोच वाटेल, त्यावरही माणूस मोकळेपणाने हसतो.

मैदानात यातील एकही गोष्ट नसते. मोकळ्या जागेत ध्वनीचा नियम असा की, अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप आहे, आणि सहा डेसिबलची घट म्हणजे कानावर येणारा ध्वनीचा दाब निम्मा होणे. वरच्या उदाहरणात ऐंशी माणसांना शंभर चौरस मीटरऐवजी चारशे चौरस मीटरवर पसरवले, तेव्हा प्रत्येकाचे शेजाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले. म्हणजे शेजाऱ्याचे हसणे तेथेच निम्म्या दाबाने येऊ लागले. भिंतींवरून परत येणारा हिस्सा तर पूर्णच गेला आणि वरून रस्त्याच्या रहदारीचा आवाज मिसळला. तोंडावर मास्क असेल, तर आणखी काही डेसिबल गळतात, तेही नेमके उंच पट्टीतले. मास्कआडचे स्मित कलाकाराला दिसत नाही, हा तोटा वेगळाच.

रंगमंचावरून हे कसे दिसते? विनोदवीर एक वाक्य टाकतो आणि थांबतो. हा थांबा त्याने शेकडो प्रयोगांतून घोटलेला असतो: हशा वर चढू द्यायचा, उतरणीला लागला की पुढचे वाक्य उचलायचे. मैदानात पहिल्या रांगेतून दोन हसू ऐकू येतात, डावीकडे कोणीतरी मान मागे टाकून हसताना दिसतो पण त्याचा आवाज पोहोचत नाही, मागच्या रांगांतून काहीच येत नाही. तो बिचकतो आणि पुढचे वाक्य घाईने उचलतो. नेमके त्याच वेळी मागची रांग हसत असते, त्यामुळे तिला ते पुढचे वाक्य ऐकू जात नाही. एकदा असे झाले की पुढची पाच मिनिटे गाडी रुळावर येत नाही. प्रेक्षक थंड आहेत, असे म्हणून कलाकार खाली उतरतो. प्रेक्षक मात्र घरी जाताना चांगला कार्यक्रम झाला म्हणतात.

ध्वनिव्यवस्थेचा खर्च सगळा कलाकाराचा आवाज प्रेक्षकांपर्यंत नेण्यावर होतो. प्रेक्षकांचा आवाज कलाकारापर्यंत आणि एकमेकांपर्यंत नेण्याचा विचार कोणी करत नाही. तरी उपाय आहेत. दोन टोकांना दोन मोठे स्पीकर लावण्यापेक्षा प्रेक्षकांमध्ये अनेक लहान स्पीकर कमी आवाजात लावणे चांगले. खुर्च्यांच्या सरळ लांब रांगांऐवजी अर्धवर्तुळ करावे, म्हणजे लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात. प्रेक्षकांच्या मागे एखाद्या इमारतीची भिंत येईल अशी जागा निवडावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, सुट्या सुट्या खुर्च्यांपेक्षा एकाच घरातील तीन-चार माणसांचे गट बसवून अंतर गटागटांत ठेवावे. एकत्र राहणाऱ्यांना एकमेकांपासून दूर बसवून संसर्ग टळत नाही, पण चौघे खेटून बसले की निदान त्या चौघांत हसू पसरते. सुरक्षितता आणि विनोद यांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

वाऱ्याचेही तसेच. वारा रंगमंचाला आडवा वाहील अशी मांडणी उत्तम. प्रेक्षकांकडून रंगमंचाकडे वारा असेल, तर सगळ्यांचे श्वास कलाकाराच्या तोंडावर येतात. शिवाय वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा ध्वनी वरच्या बाजूला वळतो, त्यामुळे मागच्या रांगांना कलाकार नीट ऐकू येत नाही.

गाडीत बसलेला प्रेक्षक

प्रत्येक कुटुंबाने आपापल्या मोटारीतच बसून कार्यक्रम पाहावा, ही कल्पना अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये राबवली गेली. संसर्गाच्या दृष्टीने ती चोख होती. आवाज लहान पल्ल्याच्या एफएम प्रक्षेपकावरून गाडीच्या रेडिओत येई, म्हणून ऐकू येण्याची अडचणही नव्हती. अडचण उलट्या दिशेने होती. काचा लावलेल्या गाडीतील हशा बाहेर येत नाही, म्हणून लोकांना हॉर्न वाजवायला किंवा दिवे उघडझाप करायला सांगितले गेले.

हॉर्न हे हसण्याचे भाषांतर म्हणून फारच गरीब आहे. हसू सुटते, त्याला निर्णय लागत नाही; हॉर्न वाजवायला हात पुढे करावा लागतो, म्हणजे ‘हे हॉर्न वाजवण्याइतके विनोदी होते का’ असा विचार मध्ये येतोच. मंद स्मित, खुदकन हसणे आणि पोट धरून हसणे यांतील फरक हॉर्नमध्ये उतरत नाही. त्यात रेडिओचा आवाज गाडीत तत्काळ पोहोचतो, पण शंभर मीटरवरच्या गाडीचा हॉर्न ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला ३४३ मीटर, परत यायला जवळपास तीन दशांश सेकंद घेतो. विनोदात एवढा वेळ पुष्कळ असतो.

‘मग ऑनलाइनच का नको?’

कारण तेथे हशा पोहोचतच नाही. व्हिडिओ कॉलची प्रणाली संभाषणासाठी बनलेली आहे. ती सर्वांत मोठा आवाज पुढे करते आणि बाकीचे दाबते. साठ माणसे एकदम हसली, तर प्रणालीच्या लेखी तो गोंगाट ठरतो. सर्वांचे माईक बंद ठेवले, तर विनोदवीर रिकाम्या भिंतीशी बोलतो. मैदानात हशा विरळ असला, तरी तो खरा असतो आणि वेळेच्या जवळपास असतो.

तंबू टाकला तर ते उघडे राहते का?

पाऊस आला की आयोजक तंबू उभारतात, थंडी वाढली की त्याच्या कडा सोडतात आणि पाहता पाहता उघड्या कार्यक्रमाची एक कापडी खोली होते. काही वेळा ती खोलीपेक्षाही वाईट असते, कारण खोलीला निदान पंखे आणि झरोके असतात. इंग्लंडच्या नियमात यासाठी सोपी कसोटी होती: छत असलेली जागा उघडी म्हणवायची असेल, तर तिच्या भिंतींचा निदान निम्मा भाग मोकळा असला पाहिजे. या कसोटीमागचा विचार वाऱ्याच्या आरपार जाण्याचा आहे. दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण उघड्या असणे, हे चारही बाजूंना थोडे थोडे कापड वर करण्यापेक्षा चांगले.

शंका असेल तर कर्ब वायू (कार्बन डायऑक्साइड) मोजणारे लहानसे यंत्र मध्यभागी ठेवावे. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत चारशेच्या थोडे वर असते, तर आपल्या उच्छ्वासात ते चाळीस हजारांच्या आसपास असते. प्रेक्षक बसल्यावर आकडा बाहेरच्या आकड्याजवळच राहिला, तर तंबू उघडा आहे. तो हजाराच्या पुढे चढू लागला, तर नियमाची भाषा काहीही म्हणो, ती खोलीच आहे.

विनोदाच्या दृष्टीने पाहिले तर छत आणि भिंती यांत मोठा भेद आहे. छत हशा खाली परतवते आणि वाऱ्याला फारसे अडवत नाही. भिंती वारा अडवतात. म्हणून बाजूंनी मोकळी, वर ताठ छत असलेली जागा ही या सगळ्या पेचातील सर्वांत समजूतदार तडजोड ठरते. कापडी छताचा त्यासाठी फारसा उपयोग होत नाही, कारण पातळ कापडातून आवाज निसटतो. एडिनबरा येथील नाटक-विनोदाचा फ्रिंज महोत्सव १९४७ पासून चालत आलेला. २०२० मध्ये तो रद्द झाला आणि २०२१ मध्ये परतला, तेव्हा शहरातील एका बहुमजली वाहनतळावरही रंगमंच थाटला गेला. मोटारींसाठी बांधलेल्या या इमारतींना धूर बाहेर जावा म्हणून बाजूच्या भिंती मुळातच अर्ध्या ठेवलेल्या असतात.

तापमापक, फवारणी आणि माईक

दारात कपाळाकडे रोखलेला तापमापक हा बहुतांशी देखावा होता. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि तेव्हा त्याला ताप नसतो. खुर्च्यांवरील फवारणीचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे म्हटले होते. याला एक सन्माननीय अपवाद म्हणजे माईक. एकामागून एक पाच जण ज्या जाळीला ओठ टेकवून ओरडतात, ती जाळी बदललीच पाहिजे. प्रत्येकाचा वेगळा माईक ठेवणे सर्वांत सोपे. ते जमत नसेल तर निदान स्पंजचे आवरण प्रत्येकाचे वेगळे असावे. उघड्यावर हे आवरण वाऱ्याची घरघर थांबवण्यासाठी लागतेच.

पैशाचे काय?

क्लबचा खर्च भाडे, वीज आणि माणसे एवढ्यात आटोपतो, कारण भिंती, दिवे आणि स्वच्छतागृहे आधीच बांधलेली असतात. मैदानात हे सगळे एका संध्याकाळपुरते उभे करावे लागते: रंगमंच, जनित्र, कुंपण, फिरती स्वच्छतागृहे, राखणदार. खर्च वाढतो आणि तिकिटे मात्र घटतात. न्यूयॉर्क राज्याने २ एप्रिल २०२१ पासून कार्यक्रमांना परवानगी दिली, तेव्हा मर्यादा क्षमतेच्या ३३ टक्क्यांची होती. त्यातही सगळ्यांच्या चाचणीची अट नसेल, तर आत जास्तीत जास्त शंभर आणि बाहेर दोनशे प्रेक्षक. खर्च अंगावर घेऊन एक तृतीयांश खुर्च्या विकायच्या आणि वर पावसाची टांगती तलवार.

विमा असतोच, असे म्हणाल तर साथ सुरू झाल्यावर विमा कंपन्यांनी नव्या करारांतून संसर्गजन्य रोगामुळे होणारे नुकसान वगळायला सुरुवात केली. ब्रिटनच्या सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ कोटी पौंडांची पुनर्विमा योजना, म्हणजे विमा कंपन्यांनाच विमा देणारी योजना, सुरू केली. पण तिचे संरक्षण सरकारी निर्बंधांमुळे कार्यक्रम रद्द झाला तरच होते. तिकिटे खपली नाहीत किंवा अंतराच्या नियमाने खुर्च्या कमी कराव्या लागल्या, तर नुकसान आयोजकाचेच. त्यामुळे उघड्यावरचे बहुतेक कार्यक्रम नफ्यासाठी झाले नाहीत. कलाकारांचा हात चालू राहावा आणि प्रेक्षकांनी आपल्याला विसरू नये, यासाठी ते झाले. हा हिशेब मला गैर वाटत नाही, फक्त तो आधी मांडलेला असावा.

कलाकाराला काय बदलावे लागते?

मैदानात उभे राहणाऱ्याला आपली संहिता थोडी उसवून शिवावी लागते. कुजबुजत्या आवाजातील, पापणीच्या हालचालीवर बेतलेले विनोद गाळावे लागतात, कारण ते चौथ्या रांगेपलीकडे जात नाहीत. लांबलचक प्रस्तावना करून शेवटी एका शब्दावर उलटवण्याचा प्रकारही धोक्याचा, कारण नेमका तो शब्द विमानाच्या घरघरीखाली गेला तर तीन मिनिटांची मेहनत वाया जाते. हुशार कलाकार अशा वेळी विमानावरच दोन वाक्ये बोलतो. मैदानात ज्या गोष्टी सर्वांना एकदम दिसतात आणि ऐकू येतात, म्हणजे विमान, कुत्रे, उडालेली छत्री, अचानक आलेली सर, त्यांवर सर्वांत मोठा हशा पिकतो. विखुरलेल्या प्रेक्षकांना एकत्र आणणारी भिंत तेव्हा क्षणभर उभी राहते.

आणि थांबा लांबवावा लागतो. वाक्य टाकल्यावर हशा ऐकू येण्याची वाट न पाहता तो मागच्या रांगेपर्यंत गेला असेल असे मनाशी मोजून, खांदे हलताना पाहून पुढे जावे लागते. ज्यांना हे जमले, ते मैदानात टिकले. काही जण पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून प्रेक्षकांचा हशा स्वतःला ऐकवून घेत. प्रेक्षकांवर रोखलेला माईक आणि कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर, एवढीच ती व्यवस्था. फक्त दोन्हींचा आवाज थोडा जरी वाढला, तरी ती शिट्टी मारू लागते.